पटवून देताना: तर्क, विश्वास आणि भावना

एखादी गोष्ट खरी असणे आणि ती समोरच्याला पटणे यांत पुष्कळ अंतर असते. ते अंतर कमी करण्यासाठी बहुतेक माणसे एकच उपाय योजतात, तो म्हणजे आपलेच म्हणणे थोड्या चढ्या आवाजात पुन्हा सांगणे. त्याचा उपयोग क्वचितच होतो, कारण ऐकणाऱ्याच्या मनात जी शंका असते तिचे उत्तर त्या पुनरुक्तीत नसते. कोणताही दावा कानावर पडला की ऐकणाऱ्याच्या मनात साधारणपणे तीन प्रश्न उभे राहतात. हे खरे कशावरून? हे सांगणाऱ्यावर मी का विसंबावे? आणि खरे असले, तरी त्याचे मला काय? हे प्रश्न तो सहसा बोलून दाखवत नाही. पुष्कळदा ते त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलेले नसतात. यांपैकी नेमका कोणता प्रश्न अडून बसला आहे हे ओळखण्यात युक्तिवाद करणाऱ्याची खरी परीक्षा असते.

या प्रश्नांना धरून पटवून देण्याच्या साधनांची पद्धतशीर मांडणी ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल (इ.स.पू. 384 ते 322) याने वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या ग्रंथात केली. त्या काळच्या अथेन्समध्ये खटला लढवायचा तर पक्षकाराला न्यायसभेपुढे स्वतः उभे राहून बोलावे लागे. भाषण दुसऱ्याकडून लिहून घेता येई, पण म्हणायचे ते आपल्याच तोंडाने, आणि तेही निकाल देणाऱ्या शेकडो नागरिकांसमोर. बोलणे पटवता आले नाही तर मालमत्ता जाई, नागरिकत्व जाई, प्रसंगी प्राणही जात. अशा वातावरणात अ‍ॅरिस्टॉटलने एक उपयुक्त भेद केला. साक्षीदार, करारपत्र, कायद्याचे कलम, शपथ हे पुरावे आधीपासूनच असतात. वक्त्याला ते फक्त पुढे मांडायचे असतात. याउलट काही साधने वक्त्याला आपल्या बोलण्यातून स्वतः घडवावी लागतात, आणि ती तीन प्रकारची आहेत. खुद्द म्हणण्यातली कारणमीमांसा, म्हणजे लोगॉस. बोलणाऱ्याचे बोलण्यातून प्रकट होणारे चारित्र्य, म्हणजे ईथॉस. आणि ऐकणाऱ्याची होणारी मनःस्थिती, म्हणजे पेथॉस. आपण त्यांना तर्क, विश्वासार्हता आणि भावना म्हणू. ही तिन्ही साधने प्रत्येक भाषणात सम प्रमाणात मिसळावीत असा गैरसमज शालेय पाठ्यपुस्तकांमुळे रूढ झालेला दिसतो. वस्तुतः त्यांचे काम वेगवेगळे आहे, आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही.

तर्क आणि न बोललेला दुवा

तर्कशास्त्राच्या पुस्तकात विधाने एकाखाली एक ओळीने मांडलेली असतात, पण माणसे बोलतात तेव्हा त्यांतली निम्मी गाळतात. अ‍ॅरिस्टॉटलने दिलेले उदाहरण असे आहे. डोरिअस नावाच्या मल्लाने ज्या स्पर्धेचे बक्षीस मुकुट असते अशी स्पर्धा जिंकली, हे दाखवायचे असेल तर ‘त्याने ऑलिंपिक स्पर्धा जिंकली’ एवढे म्हटले की पुरे. ऑलिंपिकच्या विजेत्याला मुकुट मिळतो हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण ते सर्वांना ठाऊक असते. गाळलेले विधान ऐकणारा आपल्या माहितीतून भरून काढतो, आणि त्याने स्वतः हातभार लावलेला असल्यामुळे निघालेला निष्कर्षही त्याला काहीसा आपलाच वाटतो. अशा अर्धे सांगितलेल्या अनुमानाला अ‍ॅरिस्टॉटलने पटवून देण्याच्या कलेचा गाभा मानले.

मात्र युक्तिवाद फसतो तोही बहुधा याच जागी. समजा, एका शाळेसमोरच्या रस्त्यावर वाहनांची वेगमर्यादा ताशी 50 किलोमीटरवरून 30 वर आणावी, अशी मागणी करणारे निवेदन पालकांना नगरपालिकेकडे द्यायचे आहे. ते लिहितात, ‘या रस्त्यावर वारंवार अपघात होतात, म्हणून वेगमर्यादा कमी करावी.’ लिहिणाऱ्याला हे वाक्य पूर्ण वाटते, पण त्यात ‘हे अपघात वेगामुळे होतात’ हा दुवा गृहीत धरलेला आहे. निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला वाटत असेल की अपघाताचे कारण अंधार आहे, किंवा वळणावरच्या झाडीमुळे समोरचे दिसत नाही, तर अपघातांची आणखी दहा उदाहरणे देऊनही तो जागचा हलणार नाही. अपघात होतात हे त्याला मान्यच आहे. त्याची शंका पुराव्याबद्दल नसून पुराव्यापासून निष्कर्षाकडे नेणाऱ्या पायरीबद्दल आहे, आणि ती पायरी निवेदनात कोठेच लिहिलेली नाही.

ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टुलमिन याने 1958 साली युक्तिवादाची जी रचना सुचवली तिच्यात दावा आणि आधार यांच्या बरोबरीने या दुव्याला स्वतंत्र जागा दिली. शिवाय ‘बहुधा’, ‘सर्वसाधारणपणे’ यांसारख्या मर्यादा आणि ‘अमुक परिस्थिती नसेल तर’ यांसारखे अपवाद हेही युक्तिवादाचे अवयवच आहेत, असे त्याने दाखवले. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘बहुधा’ म्हणणे म्हणजे कच खाणे अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात मर्यादा सांगितलेला दावा खोडून काढणे अधिक कठीण असते. ‘सर्व अपघात वेगामुळेच होतात’ हे विधान एका प्रतिकूल उदाहरणाने कोसळते. ‘वेग जितका जास्त तितकी इजा बहुधा गंभीर होते’ हे विधान तसे कोसळत नाही.

भारतीय न्यायदर्शनाने, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन परंपरेने, हाच दुवा निराळ्या रीतीने उघडा पाडला. त्याच्या पाच अवयवांच्या अनुमानात डोंगरावर अग्नी आहे ही प्रतिज्ञा (म्हणजे दावा), तेथे धूर आहे हा हेतू (म्हणजे कारण), आणि त्यानंतर ‘जेथे धूर असतो तेथे अग्नी असतो, जसे स्वयंपाकघरात’ हे उदाहरण येते; मग उपनय, म्हणजे हा नियम या डोंगराला लावणे, आणि निगमन, म्हणजे निष्कर्ष. म्हणजे सर्वसाधारण नियम आणि त्याचा सर्वांना दिसणारा दाखला देण्याची सक्ती अनुमानाच्या रचनेतच आहे. तो नियम उलटा करून चालत नाही, हेही नैयायिकांनी बजावले आहे. धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण अग्नीवरून धूर नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. अग्नीबरोबर धूर यायचा असेल तर ओले सरपण लागते. अ‍ॅरिस्टॉटलही जवळपास हेच सांगतो: ताप आहे, म्हणजे माणूस आजारी आहे, हे चिन्ह पक्के, श्वास जोरात चालला आहे, म्हणून ताप असला पाहिजे, हे चिन्ह कच्चे, कारण धावून आलेल्या माणसाचाही श्वास जोरात चालतो. रोजच्या वादांत जे तर्कदोष आढळतात त्यांतला मोठा वाटा कच्च्या चिन्हाला पक्के समजण्याचा असतो. एकामागून दुसरे घडले म्हणून पहिले दुसऱ्याचे कारण ठरवणे, किंवा दोन उदाहरणांवरून सर्वांबद्दल नियम बांधणे, ही त्याचीच रूपे आहेत.

बोलण्यातून दिसणारा माणूस

विश्वासार्हता म्हटले की पद, पदवी आणि नावलौकिक आठवतात. अ‍ॅरिस्टॉटलचे म्हणणे याहून बारीक आहे. वक्त्याबद्दल लोकांचे आधीपासून काय मत आहे ते बाजूला राहू द्या, त्याचे चारित्र्य खुद्द भाषणातून दिसले पाहिजे, असे तो म्हणतो, आणि तेच जवळजवळ सर्वांत प्रभावी साधन असल्याचेही नमूद करतो. या चारित्र्याचे त्याने तीन घटक सांगितले: जाण, सचोटी आणि ऐकणाऱ्याविषयी सद्भाव. हे तीनच का, याचे त्याने दिलेले कारण पाहण्यासारखे आहे. माणूस चुकीचा सल्ला देतो तो एक तर त्याला विषय कळत नाही म्हणून. किंवा कळतो, पण तो मनातले खरे सांगत नाही म्हणून. किंवा कळतो आणि तो खोटारडाही नसतो, पण आपल्या भल्याची त्याला पर्वा नसते म्हणून योग्य ते सांगायचे टाळतो. या तिन्ही शक्यता दूर झाल्या की ऐकणाऱ्याला अविश्वासाचे कारण उरत नाही.

न्यायसूत्रांवर, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथावर, भाष्य लिहिणारा वात्स्यायन ‘आप्त’, म्हणजे ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा असा माणूस, कोणाला म्हणावे हे सांगताना याच्या फार जवळ येतो. ज्याने ती गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्याला सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. पुढे तो असेही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. ज्ञान आणि प्रामाणिकपणा या दोन कसोट्या लावल्या की बोलणारा कोणत्या कुळातला हा प्रश्न गैरलागू ठरतो. प्राचीन भाष्यकाराने इतक्या सहजपणे हे लिहून ठेवले आहे, आणि आजही आपण वक्त्याचे नाव वाचूनच त्याच्या म्हणण्याची किंमत ठरवतो, हा विरोधाभास नजरेआड करण्यासारखा नाही.

लिखाणात ही विश्वासार्हता घडवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे विरुद्ध बाजूचे म्हणणे तिच्याच माणसांना मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडणे. आपल्या निवेदनात पालकांनी लिहिले की ‘वेग कमी केल्याने वाहनचालकांचा वेळ थोडा वाढेल, हे आम्हांला मान्य आहे, शाळेलगतचा अर्धा किलोमीटर 50 च्या वेगाने 36 सेकंदांत पार होतो, 30 च्या वेगाने 60 सेकंद लागतील’, तर एका वाक्यात तीन गोष्टी साधतात. लिहिणाऱ्यांना विषयाची जाण आहे हे आकड्यांवरून कळते, गैरसोयीची गोष्ट त्यांनी लपवली नाही यावरून सचोटी कळते, आणि वाहनचालकांच्या अडचणीचाही विचार झाला आहे यावरून सद्भाव कळतो. ‘आम्ही जबाबदार नागरिक आहोत’ असे वाक्य घालून हे साधत नाही. आपल्या प्रामाणिकपणाची ग्वाही देणारे वाक्य वाचकाला सावध करते, एवढेच.

बोलणाऱ्यावर टीका करणे केव्हा रास्त आणि केव्हा गैर, हा प्रश्नही येथेच सुटतो. दावा जर केवळ त्या माणसाच्या शब्दावर उभा असेल, जसे ‘मी स्वतः पाहिले’ असे साक्षीदार म्हणतो तेव्हा असतो, तर त्याचा हितसंबंध, त्याची नजर, त्याचा पूर्वीचा खोटेपणा या सगळ्यांची चौकशी करणे योग्यच आहे. पण त्याने जर कोणालाही तपासता येतील अशी कारणे दिली असतील, तर ती कारणे तपासावीत. ती मांडणारा लोभी आहे की संत, याने कारणांत फरक पडत नाही.

माणसे कारणे तपासतात की नावावर भागवतात हे बऱ्याच अंशी विषय त्यांच्या किती जवळचा आहे यावर ठरते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड पेटी आणि जॉन कॅसिओपो यांनी एका सहकाऱ्यासह 1981 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यापीठातील विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षी एक सर्वसमावेशक परीक्षा घ्यावी असा प्रस्ताव ऐकवला. काहींना सांगितले की ही परीक्षा पुढच्याच वर्षी लागू होईल, काहींना सांगितले की दहा वर्षांनी. प्रस्तावाची कारणे काहींसाठी भक्कम होती, काहींसाठी तकलादू. तो कधी शिक्षणतज्ज्ञांच्या आयोगाचा म्हणून सांगितला, तर कधी शाळकरी मुलांच्या एका वर्गाचा म्हणून. ज्यांना स्वतःला परीक्षा द्यावी लागणार होती त्यांच्यावर मुख्यतः कारणांच्या बळाचा परिणाम झाला. ज्यांची त्यातून सुटका होती त्यांच्यावर मुख्यतः प्रस्ताव कोणाचा आहे याचा परिणाम झाला. तेव्हा नावाजलेल्या व्यक्तीचा दाखला देऊन भागेल असे वाटत असेल, तर ऐकणाऱ्याला या विषयाची झळ पोहोचते की नाही हे आधी पाहावे.

भावनांचे तर्कशास्त्र

तीनपैकी सर्वाधिक बदनाम साधन भावनेचे आहे. अ‍ॅरिस्टॉटलने स्वतः ग्रंथाच्या सुरुवातीलाच तक्रार केली आहे की त्याच्या आधीच्या लेखकांनी न्यायाधीशाला राग, मत्सर, दया यांनी विचलित करण्याचेच धडे दिले. जी पट्टी वापरून मोजायचे तीच आधी वाकवून ठेवण्यासारखे हे आहे, असे तो म्हणतो. मात्र त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात त्याने राग, भीती, लाज, दया, मत्सर अशा भावनांवर एकामागून एक प्रकरणे लिहिली. वरवर विसंगत दिसणाऱ्या या दोन गोष्टींचा मेळ बसतो तो त्याच्या भावनेविषयीच्या कल्पनेमुळे. त्याच्या मते भावना म्हणजे बुद्धीला बाजूला सारून येणारी लाट नाही. प्रत्येक भावनेच्या पोटात एक मत असते. राग येतो तो कोणीतरी आपला अकारण अवमान केला असे वाटते तेव्हा. दया येते ती, जी आपत्ती आपल्यावर किंवा आपल्या माणसांवरही येऊ शकते अशी आपत्ती कोणावर काही दोष नसताना ओढवली असे वाटते तेव्हा. भीती वाटते ती हानी जवळ आली असे वाटते तेव्हा. आपण मरणार हे सर्वांना माहीत असते, पण ते जवळ आलेले नसल्याने कोणी त्याची पर्वा करीत नाही, हे त्याचे निरीक्षण आजही तंतोतंत लागू पडते.

भावनेच्या पोटात मत असेल, तर ते मत खरे किंवा खोटे असू शकते, आणि म्हणून भावनाही रास्त किंवा गैरवाजवी असू शकते. प्रामाणिक भावनिक आवाहन आणि भावना भडकवणे यांतला फरक मला येथे दिसतो. कोणाचा अवमान झालेलाच नसताना राग पेटवणे, किंवा धोका दूर असताना तो दारात उभा असल्याचे भासवणे, ही लबाडी. जो धोका खरोखर जवळ आहे पण आकड्यांच्या आड लपला आहे, तो डोळ्यांपुढे आणणे ही लबाडी नव्हे. उलट तो तसा न आणणे हीच वस्तुस्थितीची अर्धवट मांडणी ठरेल.

निवेदनाचेच उदाहरण घ्या. वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे 30 ऐवजी 50 च्या वेगाने जाणाऱ्या त्याच गाडीत जवळपास पावणेतीन पट ऊर्जा असते. हे विधान अचूक आहे, पण ते वाचून कोणाच्या काळजाचा ठोका चुकत नाही. आता तीच गोष्ट अशी सांगता येते: चालकाला ब्रेक दाबायला एक सेकंद लागतो असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर 30 च्या वेगाने येणारी गाडी साधारण 13 मीटरमध्ये पूर्ण थांबते, तेवढ्याच अंतरात 50 च्या वेगाने येणाऱ्या गाडीच्या चालकाचा पाय नुकताच ब्रेककडे जात असतो. म्हणजे रस्त्यात अचानक आलेले मूल 13 मीटर अंतरावर असेल, तर पहिली गाडी त्याच्यापाशी येऊन थांबते आणि दुसरी वेग जराही कमी न होता त्याला धडकते. येथे भावना वरून चिकटवलेली नाही. ती त्या अंकगणितातूनच वर आली आहे, आणि शंका असेल त्याने गुणाकार करून पाहावा.

भावनेचे बळ किती आहे आणि ते कसे चकवते, याचे काही चांगले पुरावे आहेत. एमस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानेमन यांनी 1981 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 600 जणांचे प्राण घेऊ शकणाऱ्या एका काल्पनिक साथीवर दोन उपाय सुचवले होते. ‘पहिल्या उपायाने 200 जण वाचतील’ असे सांगितल्यावर 72 टक्के लोकांनी तो निवडला. त्याच उपायाचे वर्णन ‘400 जण मरतील’ असे केल्यावर तो निवडणारे 22 टक्केच उरले. आकडेवारीत काहीही बदल नव्हता. यावरून असा निष्कर्ष काढता येतो की भावनारहित मांडणी नावाची गोष्ट जवळपास नसतेच. कोणताही शब्द निवडला तरी तो काहीतरी भावना जागवणारच. म्हणून महत्त्वाच्या निर्णयाआधी दोन्ही बाजूंनी मांडणी करून पाहणे हा ऐकणाऱ्यासाठी साधा आणि उपयोगी नियम आहे.

दुसरा प्रयोग देणगीविषयी आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात सहभागी लोकांना पाच डॉलर देऊन त्यांतून भूकबळींसाठी देणगी मागितली. आफ्रिकेतील लाखो उपाशी लोकांची आकडेवारी वाचलेल्यांनी सरासरी 1.14 डॉलर दिले. मालीतील एका सात वर्षांच्या मुलीची हकीकत वाचलेल्यांनी 2.38 डॉलर दिले. मुलीची हकीकत आणि आकडेवारी दोन्ही एकत्र वाचलेल्यांनी मात्र 1.43 डॉलरच दिले. साधने एकत्र केली की त्यांची बेरीज होते, या समजुतीला हा मोठा धक्का आहे. आकड्यांनी दयेला बळ दिले नाही, तिला पातळ केले.

भीतीविषयी हॉवर्ड लेव्हेन्थल आणि सहकाऱ्यांनी 1965 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर प्रत्येक जनजागृती करणाऱ्याने लक्षात ठेवावा असा आहे. येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना धनुर्वाताच्या धोक्यांविषयी पुस्तिका दिल्या, काहींना अधिक भयावह, काहींना सौम्य. भयावह पुस्तिकेने लस घेण्याविषयीचे मत अधिक अनुकूल झाले, पण प्रत्यक्षात लस घेणाऱ्यांची संख्या त्यामुळे वाढली नाही. ज्यांना आरोग्यकेंद्राचा नकाशा दिला होता आणि आपल्या वेळापत्रकात कोणत्या वेळी जाता येईल ते ठरवायला सांगितले होते, त्यांच्यापैकी सुमारे 28 टक्क्यांनी लस घेतली. नुसती भीती घातलेल्यांपैकी सुमारे 3 टक्क्यांनी. भीती नसताना केवळ सूचना देऊनही उपयोग झाला नाही. म्हणजे भावना माणसाला उभे करते, पण कोठे जायचे हे सांगितले नाही तर तो पुन्हा खाली बसतो.

भावनेला नकार देणे हेही कधी कधी आवाहनच असते. इ.स.पू. 399 मधील खटल्यात सॉक्रेटिसने न्यायसभेला सांगितले की आपल्याला तीन मुले आहेत, पण दया यावी म्हणून मी त्यांना येथे आणणार नाही, असे प्लेटोने नोंदवले आहे. इतर आरोपी मुलाबाळांना रडत उभे करीत. सॉक्रेटिसने ते नाकारले, पण मुलांचा उल्लेख मात्र केला, आणि त्या नकारातून आपण कोण आहोत हेही दाखवले. त्याला शिक्षा झाली. तीस मते इकडची तिकडे झाली असती तर सुटलो असतो, असे तोच पुढे म्हणतो. त्याच्या नकाराने न्यायसभेचा आदर वाढला की तिचा अहंकार दुखावला, यावर आजही वाद घालता येईल.

जेथे पुरावा होता आणि पटले नाही

व्हिएन्नाच्या मुख्य रुग्णालयात 1840 च्या दशकात प्रसूतीचे दोन विभाग होते. वैद्यकीय विद्यार्थी काम करीत त्या पहिल्या विभागात बाळंतज्वराने होणारे मृत्यू सुईणींच्या विभागापेक्षा कितीतरी जास्त होते. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने ताडले की शवविच्छेदन करून आलेल्यांच्या हातांवरून काहीतरी रोगकारक द्रव्य मातांपर्यंत पोहोचते. मे 1847 मध्ये त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये पहिल्या विभागातील मृत्युदर 18 टक्क्यांच्या आसपास होता. त्याच उन्हाळ्यात तो 2 टक्क्यांच्या आसपास आला. याहून बोलका पुरावा मागायचा तरी काय? तरीही त्या काळच्या बहुसंख्य नामवंत डॉक्टरांनी तो मान्य केला नाही.

ही कथा सहसा सत्य विरुद्ध अहंकार अशी सांगतात, पण तीन प्रश्नांच्या दृष्टीने पाहिले तर ती अधिक शिकवते. तर्कात एक दुवा रिकामा होता: रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा मान्य झालेला नव्हता, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारे द्रव्य नेमके काय करते हे सेमेलवाइसला सांगता येईना. विश्वासार्हतेच्या बाबतीत त्याने स्वतःचे नुकसान केले. आपले संशोधन सविस्तर लिहून प्रसिद्ध करायला त्याने 1861 पर्यंत वेळ लावला. आणि भावनेच्या बाजूने पाहिले तर त्याचे म्हणणे मान्य करणे म्हणजे ‘माझ्या रुग्णांना मीच मारले’ हे मान्य करणे होते. त्या अपराधभावनेतून बाहेर पडण्याची वाट देण्याऐवजी त्याने विरोधकांना जाहीर पत्रांतून खुनी म्हटले. ज्याला मत बदलायचे आहे त्याला ते अब्रूनिशी बदलता यावे, ही सोय युक्तिवादातच ठेवावी लागते. ‘तेव्हा उपलब्ध असलेल्या ज्ञानानुसार तुमचे वागणे योग्यच होते, आता नवे काही कळले आहे’ एवढे एक वाक्य कितीतरी दारे उघडते. ते वाक्य खरेही असते, त्यामुळे लिहिताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

क्रिमियन युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने मात्र अशाच स्वरूपाचा पुरावा वेगळ्या रीतीने पोहोचवला. सैनिकांचे बहुसंख्य मृत्यू जखमांनी नव्हे तर टाळता येण्याजोग्या रोगांनी झाले, हे तिने 1858 साली रंगीत वर्तुळाकार आलेखांतून दाखवले. रोगांनी झालेल्या मृत्यूंचा भाग इतका मोठा दिसतो की आकडा वाचण्यापूर्वीच पाहणारा चपापतो. आणि तिने मागितलेल्या सुधारणा ठोस होत्या, करता येण्याजोग्या होत्या.

मागणी कोणापुढे मांडायची यावर कोणते साधन पुढे करायचे हे ठरते. पालकांचे तेच निवेदन वाहतूक अभियंत्याकडे जाणार असेल तर थांबण्याच्या अंतराचा हिशेब आधी यावा, कारण त्याचा प्रश्न ‘खरे कशावरून’ हा आहे. लोकप्रतिनिधीचा प्रश्न बहुधा ‘हे लोक कोण आणि किती’ असा असतो. त्याला पालकांबरोबर त्या रस्त्यावरच्या दुकानदारांच्या आणि वाहनचालकांच्या सह्या दिसल्या पाहिजेत. रोज त्या रस्त्याने कामावर जाणाऱ्या चालकाला वेगाचा धोका ठाऊक असतो आणि सांगणाऱ्यांबद्दल त्याची तक्रारही नसते. ‘मला त्याचे काय’ एवढाच त्याचा प्रश्न असतो, आणि त्याला 24 सेकंदांचा उशीर विरुद्ध 13 मीटरवरचे मूल हे एवढेच सांगणे पुरते. एकच कागद तिघांना पाठवणे सोयीचे असते, पण त्यातला निदान दोन तृतीयांश मजकूर प्रत्येकाच्या दृष्टीने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असतो.

शेवटी वाचकाच्या बाजूची एक गोष्ट. कार्ल हॉव्हलँड आणि वॉल्टर वाइस यांनी 1951 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच मजकूर काहींना विश्वसनीय स्रोताच्या नावे, काहींना अविश्वसनीय स्रोताच्या नावे वाचायला दिला. लगेच विचारले तेव्हा विश्वसनीय नावाने वाचणाऱ्यांची मते अधिक बदललेली आढळली. चार आठवड्यांनी हा फरक नाहीसा झाला, कारण लोकांना मजकूर आठवत होता, पण तो कोणाचा होता हे त्या मजकुरापासून सुटून गेले होते. पुढे 1953 मध्ये हॉव्हलँड आणि हर्बर्ट केल्मन यांनी दाखवले की स्रोताची आठवण करून दिली की फरक परत येतो. आज वाचताना ज्याच्यावर आपण हसून पुढे जातो, तो दावा महिनाभराने ‘कोठेतरी वाचले आहे’ या रूपात आपल्याच तोंडून बाहेर पडू शकतो. त्यामुळे एखादी गोष्ट लक्षात राहण्याजोगी वाटली की ती कोणी आणि कशाच्या आधारावर सांगितली हे तिच्याबरोबरच टिपून ठेवणे बरे, आणि आपण लिहिणारे असू तर प्रत्येक महत्त्वाच्या आकड्याचा आधार त्याच वाक्यात देणे बरे, म्हणजे वाचकाला तो आकडा आधारासकटच आठवेल.